ओल्मेक संस्कृतीचा कालनिर्णय : पुरावा आणि अनुमान

मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेल्या दक्षिण व्हेराक्रूझ व पश्चिम ताबास्को या सखल, दलदलीच्या प्रदेशात जी प्राचीन संस्कृती नांदून गेली, तिला ‘ओल्मेक’ हे नाव देण्याचा प्रघात आहे. एकाच पाषाणातून कोरलेली प्रचंड मानवी मस्तके, जेडच्या लहान परंतु अत्यंत रेखीव मूर्ती, आणि माणसांनी मातीची भर घालून उभारलेले विस्तीर्ण चौथरे ही तिची ठळक लक्षणे होत. या संस्कृतीचा मुख्य काल इ.स.पू. १४०० ते इ.स.पू. ४०० असा साधारणतः मानला जातो. पाठ्यग्रंथांत हे विधान एका ओळीत येते. परंतु ते सिद्ध होण्यास सुमारे शंभर वर्षे लागली, आणि त्या अवधीत अनेक नामांकित विद्वानांनी याच संस्कृतीला सुमारे दीड हजार वर्षे अलीकडे ओढले होते. हा वाद कसा सुटला, कोणत्या पुराव्याने कोणती गोष्ट सिद्ध झाली आणि कोणती झाली नाही, हे पाहणे पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला बोधप्रद ठरते. कलाशैली, कालांकित लेख आणि उत्खनित स्तर या तीन साक्षीदारांची साक्ष येथे एकाच प्रश्नावर घेतली गेली आहे.

नाव आणि भूमी

‘ओल्मेक’ हे नाव त्या लोकांचे स्वतःचे नव्हे. नाहुआत्ल भाषेत त्याचा अर्थ ‘रबराच्या प्रदेशातील लोक’ असा होतो. सोळाव्या शतकात आझ्टेक लोक आपल्या माहितीतील आखाती किनाऱ्याच्या रहिवाशांना या नावाने ओळखीत. मस्तके कोरणारे लोक व हे रहिवासी यांच्यामध्ये सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हर्मान बायर व मार्शल सॅव्हिल या संशोधकांनी एका विशिष्ट कलाशैलीला हे नाव लावले आणि ते रूढ झाले. शैलीचे नाव, प्रदेशाचे नाव व लोकांचे नाव ही तिन्ही अशा रीतीने एकच झाल्यामुळे पुढील वादांत बराच घोटाळा माजला. दूरच्या एखाद्या दरीत त्या शैलीची मूर्ती सापडली, की तेथे ‘ओल्मेक लोक’ पोहोचले होते असे अनुमान काढणे सोपे झाले.

या भूमीचे स्वरूपही कालनिर्णयाला प्रतिकूल होते. कोआत्साकोआल्कोस व तोनाला या नद्यांच्या खोऱ्यांत पाऊस विपुल, माती आम्लधर्मी आणि अरण्य दाट. अशा मातीत हाडे व लाकूड सहसा टिकत नाहीत. ला व्हेंता येथील बेसाल्टच्या स्तंभांनी बांधलेल्या थडग्यात हिंगुळाचा लाल थर व जेडचे अलंकार मिळाले. हाडांचे मात्र थोडे अवशेषच हाती आले. उरतो तो दगड; आणि दगड केव्हा कोरला गेला हे दगडाच्या परीक्षेवरून सांगता येत नाही. शिवाय हा दगड स्थानिक नव्हे. मस्तकांचा बेसाल्ट तुश्तला पर्वतातील ज्वालामुखींच्या उतारांवरून आणलेला असून ला व्हेंतापर्यंतचे सरळ अंतरच सुमारे १०० किलोमीटर भरते.

शैलीची साक्ष

पहिल्या मस्तकाची वार्ता विद्वत्समाजास होसे मारिया मेल्गार यांनी दिली. त्यांनी १८६२ साली ऊएयापान येथील एका शेतमळ्यावर ते पाहिले आणि १८६९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जाड ओठ व रुंद नाक पाहून त्यांनी ते आफ्रिकी वंशाच्या माणसाचे ठरविले. केवळ चेहऱ्याच्या ठेवणीवरून वंश व स्थलांतर यांविषयी काढलेले हे अनुमान पुढे कोणत्याही उत्खननाने पुष्ट झाले नाही. १९२५ साली फ्रान्स ब्लोम व ऑलिव्हर ला फार्ज यांनी ला व्हेंताला भेट देऊन तेथील शिल्पांची नोंद केली. तथापि त्यांनाही त्यांत माया संस्कृतीची छाया दिसली. ज्ञात असलेल्या एकमेव मोठ्या संस्कृतीच्या मापाने अज्ञात वस्तू मोजली जावी, हे त्या काळी स्वाभाविकच होते.

जग्वाराच्या मुखासारखे खाली वळलेले ओठ, कपाळावरील खाच आणि बालकासारखा गुबगुबीत चेहरा ही लक्षणे वेगवेगळ्या संग्रहांतील वस्तूंवर समान आहेत, हे सॅव्हिल व जॉर्ज व्हॅलंट यांनी दाखविले. हे वर्गीकरण पुढे टिकून राहिले. परंतु शैलीवरून ‘या वस्तू एका कुळातील आहेत’ एवढेच म्हणता येते. ‘त्या इतक्या जुन्या आहेत’ असे म्हणता येत नाही. दोन शैलींत साम्य आढळले, तर कोणी कोणापासून घेतले याचा निर्णय साम्य स्वतः करीत नाही.

लेखाची साक्ष

१९३९ साली मॅथ्यू स्टर्लिंग यांनी स्मिथसोनियन संस्था व नॅशनल जिऑग्राफिक सोसायटी यांच्या साहाय्याने त्रेस सापोतेस येथे उत्खनन आरंभिले. तेथे एका उभ्या शिलापटाचा खालचा तुकडा सापडला. यालाच ‘शिलापट सी’ असे म्हणतात. त्याच्या एका बाजूस मुखवट्याचे शिल्प व दुसऱ्या बाजूस रेषा आणि बिंदू यांनी लिहिलेली संख्यांची उभी ओळ होती. माया लेखांत आढळणाऱ्या ‘दीर्घगणने’शी ती जुळत होती.

या गणनेत एका आदिदिनापासून लोटलेले दिवस पाच स्थानांत लिहितात. सर्वांत वरच्या स्थानाची किंमत १,४४,००० दिवस, त्याखाली अनुक्रमे ७,२००, ३६०, २० आणि १. शिलापट सी वर खालच्या चार स्थानांचे अंक १६, ६, १६ व १८ असे वाचता येत होते. सर्वांत महत्त्वाचे वरचे स्थान मात्र तुटून गेले होते. त्या स्थानी एकाचा फरक पडला, की तिथी सुमारे ३९४ वर्षांनी पुढेमागे सरकते. असा अंक केवळ तर्काने कसा भरून काढावयाचा?

येथे लेखाच्या शेवटी असलेले दिनचिन्ह उपयोगी पडले. मध्य अमेरिकेतील पंचांगात प्रत्येक दिवसाला १ ते १३ पैकी एक अंक व वीस नावांपैकी एक नाव असते. आदिदिन ‘४ आहाउ’ हा होय. १,४४,००० या संख्येला २० ने निःशेष भाग जातो; त्यामुळे वरच्या स्थानी कोणताही अंक असला तरी दिवसाचे नाव बदलत नाही. परंतु त्याच संख्येला १३ ने भागले असता बाकी १२ उरते; म्हणून वरच्या स्थानाचा अंक एकाने वाढविला, की दिनांक एकाने कमी होतो. शिलापटावरील दिनांक ६ आहे. तुटलेल्या स्थानी ७ हा अंक कल्पिला तर एकूण दिवस ११,२५,६९८ होतात. त्यास १३ ने भागल्यास बाकी २. आदिदिनाचा ४ आणि हे २ मिळून ६. तेरा संभाव्य अंकांपैकी दुसऱ्या कोणत्याही अंकाने हे उत्तर येत नाही. हे गणित मॅरियन स्टर्लिंग यांनी केले आणि तुटलेला अंक ७ असल्याचे प्रतिपादन झाले. आज सर्वमान्य असलेल्या कालसंवादानुसार ही तिथी इ.स.पू. ३२ मधील येते. मॅथ्यू स्टर्लिंग यांनी प्रथम स्पिंडेन यांचा कालसंवाद स्वीकारला होता, त्यामुळे त्यांच्या लेखनात तीच तिथी इ.स.पू. २९१ अशी आढळते.

माया प्रदेशातील तोवर ज्ञात असलेले कालांकित लेख आजच्या कालसंवादानुसार इ.स.च्या चौथ्या शतकापासून सुरू होत. त्यांच्याहून तीन शतके व अधिक जुना लेख माया प्रदेशाच्या बाहेर मिळावा, ही गोष्ट अनेक मायाविदांना पटण्यासारखी नव्हती. एरिक टॉम्पसन यांनी १९४१ साली माया प्रदेशाबाहेरील अशा लेखांचे वाचन तपासून त्यांच्या प्राचीन तिथी अग्राह्य ठरविल्या. त्यांच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. वरील गणित निर्दोष आहे. परंतु लेख माया पद्धतीनेच लिहिला आहे, आदिदिनही तोच आहे, ही त्याची गृहीते आहेत. गणिताची अचूकता गृहीतांची सत्यता सिद्ध करीत नाही. या शंकेचे निरसन १९६९ साली झाले. त्या वर्षी त्रेस सापोतेस येथे शिलापटाचा वरचा तुकडा सापडला आणि त्यावर ७ हा अंक स्पष्टपणे कोरलेला होता.

येथे कथा संपली असे वाटेल. परंतु खरी गंमत पुढेच आहे. शिलापट सी ची तिथी खरी ठरली, तरी तो शिलापट ओल्मेक संस्कृतीच्या मुख्य कालातील नाही. सान लोरेन्सो व ला व्हेंता ही केंद्रे ओस पडल्यानंतर त्रेस सापोतेस येथे जी उत्तरकालीन परंपरा चालू राहिली, तिचा तो अवशेष होय. अर्थात ज्या लेखाच्या आधारे ओल्मेक प्राचीन असल्याचे प्रथम सांगितले गेले, तो लेख मस्तके कोरणाऱ्यांचा नव्हताच. निष्कर्ष बरोबर निघाला; परंतु त्याचा आधार दुसऱ्याच कालखंडाचा होता.

मातृसंस्कृतीची कल्पना

१९४२ साली तुश्तला गुत्येरेस येथे माया व ओल्मेक या विषयांवर एक परिषद भरली. तीत अल्फोन्सो कासो यांनी ओल्मेक ही मध्य अमेरिकेतील पुढील संस्कृतींची ‘मातृसंस्कृती’ होय असे मत मांडले. मिगेल कोव्हारुबियास या चित्रकार-अभ्यासकाने पुढे निरनिराळ्या प्रदेशांतील पर्जन्यदेवतांच्या मुखांची वंशावळ काढून त्या सर्व ओल्मेक जग्वारमुखापासून निघाल्याचे दाखविण्याचा यत्न केला. या मतात दोन स्वतंत्र विधाने एकत्र गुंफलेली होती: ओल्मेक सर्वांत प्राचीन आहेत हे एक, आणि इतरांनी त्यांच्यापासून घेतले हे दुसरे. त्या वेळी यांपैकी एकही विधान स्तरांच्या आधारे सिद्ध झालेले नव्हते.

स्तरांची साक्ष

ला व्हेंता येथे १९५५ साली फिलिप ड्रकर, रॉबर्ट हायझर व रॉबर्ट स्क्वायर यांनी केलेल्या उत्खननाने प्रश्नाला नवे वळण मिळाले. सुमारे ३० मीटरांहून अधिक उंचीच्या मातीच्या पिरॅमिडाच्या उत्तरेस एक बंदिस्त प्रांगण आहे. त्याच्या बांधणीचे एकावर एक असे चार टप्पे त्यांनी वेगळे केले. खोल खड्डे खणून त्यांत सर्पेंटाइनचे शेकडो टन ठोकळे रचावयाचे आणि लगेच ते मातीने बुजवून टाकावयाचे, असा येथील विधी होता.

याच प्रांगणात ‘चौथा निक्षेप’ म्हणून प्रसिद्ध असलेला मूर्तिसमूह सापडला. सोळा लहान पुरुषमूर्ती व सहा उभी दगडी पाती यांची जणू सभा भरविलेली आहे. बहुतेक मूर्ती जेड किंवा सर्पेंटाइनच्या असून एक मात्र भरड दगडाची आहे. ती पात्यांना पाठ लावून उभी, व इतर तिच्याकडे तोंड करून. या समूहावर निरनिराळ्या रंगांच्या मातीच्या व वाळूच्या जमिनी घातल्या गेल्या. त्यानंतर कोणीतरी नेमक्या त्याच जागी या जमिनी फोडून मूर्तींची मस्तके दिसतील इतक्या खोलीपर्यंत खड्डा घेतला, मूर्ती न हलविता पाहिल्या आणि खड्डा पुन्हा भरला. हे सर्व मातीच्या छेदावरून वाचता आले. पुरलेल्या वस्तूचे स्थान दीर्घकाळ स्मरणात, किंवा कोणत्या तरी नोंदीत, जतन केले जात असे, ही गोष्ट एकाही लिखित अक्षरावाचून स्तराने सांगितली. त्याच मूर्ती एखाद्या चोरट्या खोदकामातून बाजारात आल्या असत्या, तर त्या सोळा सुंदर वस्तू म्हणून ओळखल्या गेल्या असत्या, एवढेच.

या टप्प्यांतून मिळालेल्या कोळशाचे कार्बन-१४ पद्धतीने मापन झाले आणि १९५९ च्या अहवालात प्रांगणाचा काल इ.स.पू. ८०० ते ४०० असा देण्यात आला. टॉम्पसन यांचा पक्ष यामुळे निरुत्तर झाला. तथापि ही पद्धतही निरपवाद नव्हे. कार्बन-१४ ने मोजला जातो तो वृक्षाच्या मृत्यूचा काल, बांधकामाचा नव्हे. भरावासाठी आणलेल्या मातीत जुन्या वस्तीचा कोळसा मिसळलेला असू शकतो. म्हणून कोळसा चुलीतला आहे, जमिनीवरचा आहे की भरावातला, हे उत्खननकर्त्याने नोंदविले नसेल तर प्रयोगशाळेतील आकडा निरर्थक ठरतो. नव्या मापनांनंतर १९६७ साली हायझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच काल इ.स.पू. १००० ते ६०० असा मागे नेला.

सान लोरेन्सो येथे १९६६ ते १९६८ या वर्षांत मायकेल को व रिचर्ड डील यांनी केलेले उत्खनन याहून निर्णायक ठरले. आसपासच्या सखल भूमीपासून सुमारे ५० मीटर उंच असलेले हे पठार काही अंशी मानवी भरावाने घडविलेले आहे. तेथे खापरांच्या अनुक्रमावरून कालखंडांची अखंड मालिका मिळाली. मस्तकांच्या खंडापूर्वीचे खंडही त्याच जागी, त्याच क्रमात, एकाखाली एक होते आणि त्यांत पुढील लक्षणांचा हळूहळू उदय दिसत होता. ही संस्कृती परप्रांतातून तयार स्थितीत आली, या मताला त्यामुळे आधार उरला नाही. मुख्य ‘सान लोरेन्सो खंड’ इ.स.पू. ११५० ते ९०० असा दिला गेला. वृक्षवलयांच्या साहाय्याने कार्बन-मापनांची दुरुस्ती करण्याची रीत पुढे रूढ झाली, तेव्हा तोच खंड स्थूलमानाने इ.स.पू. १४०० ते १००० असा लिहिला जाऊ लागला. एकाच स्तराला ग्रंथांत दोन निरनिराळे आकडे आढळतात त्याचे कारण हे आहे. दुरुस्त व अदुरुस्त आकड्यांची तुलना करून दोन स्थळांतील पौर्वापर्य ठरविणे ही विद्यार्थ्यांकडून वारंवार होणारी चूक होय.

मस्तकांच्या बाबतीत आणखी सावधगिरी अवश्य आहे. आजवर १७ मस्तके ज्ञात आहेत: सान लोरेन्सो १०, ला व्हेंता ४, त्रेस सापोतेस व परिसर ३. सान लोरेन्सो येथील अनेक शिल्पे विच्छिन्न करून पुरलेली आढळली. को यांनी त्यावरून इ.स.पू. ९०० च्या सुमारास झालेल्या उठावाचे अनुमान केले. परंतु काही मस्तके मूळच्या दगडी सिंहासनांतून पुन्हा कोरलेली आहेत, असे जेम्स पोर्टर यांनी १९८९ साली दाखविले. आणि १९९० पासून तेथे उत्खनन करणाऱ्या अ‍ॅन सायफर्स यांना शिल्पांच्या पुनर्घडणीची जागाही मिळाली. मोडतोड म्हणून जी दिसली ती काही प्रमाणात दगडाची पुनर्योजना होती. यावरून एवढे उघड होते, की पुरण्याचा काल हा कोरण्याच्या कालाची केवळ अलीकडील मर्यादा देतो.

प्राचीनता आणि पितृत्व

आता मूळच्या दोन विधानांकडे वळता येईल. पहिले विधान, म्हणजे प्राचीनतेचे, सिद्ध झाले आहे. सान लोरेन्सोचा उत्कर्ष माया प्रदेशातील मोठ्या बांधकामांपूर्वीचा आहे. सान लोरेन्सोजवळील एल मनाती येथे पाणथळ झऱ्यात रबराचे चेंडू, कुऱ्हाडींची पाती आणि लाकडी अर्धपुतळे टिकून राहिले. तेथील सर्वांत जुने निक्षेप इ.स.पू. १६०० च्या सुमाराचे आहेत.

दुसरे विधान, पितृत्वाचे, मात्र वादग्रस्तच राहिले. २००५ साली जेफ्री ब्लॉम्स्टर व सहकाऱ्यांनी शेकडो खापरांच्या मातीचे रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केले. सान लोरेन्सोची भांडी दूरदूर जात, पण इतरांची भांडी तेथे येत नसत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी केंट फ्लॅनरी, जॉयस मार्कस व इतरांनी खापरांच्या पातळ छेदांतील खनिजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, बाहेरची भांडीही सान लोरेन्सोत येत होती असे प्रतिपादिले. त्यांच्या मते या संस्कृती माता व कन्या नसून भगिनी होत. २०२० साली ताकेशी इनोमाता व सहकाऱ्यांनी ताबास्कोच्या पूर्व भागातील आग्वादा फेनिक्स या स्थळाची माहिती प्रसिद्ध केली. विमानातून लेसर किरण सोडून केलेल्या पाहणीत तेथे सुमारे १,४०० मीटर लांबीचा चौथरा आढळला. त्याचा काल इ.स.पू. १००० ते ८०० असा आहे, म्हणजे सान लोरेन्सोचा उत्कर्ष ओसरल्यानंतरचा व ला व्हेंताचे वैभव शिगेला पोहोचण्यापूर्वीचा. राजाची भव्य शिल्पे तेथे नाहीत. एवढे श्रम एकवटण्यासाठी मस्तकांत ज्यांच्या प्रतिमा आहेत तसे सत्ताधीश असावेच लागतात, हे गृहीतही त्यामुळे डळमळले. पूर्वी घडलेली गोष्ट नंतरच्या गोष्टीचे कारण असेलच असे नाही; ते स्वतंत्रपणे दाखवावे लागते.

संदर्भाचे मोल

या वादात ज्या पुराव्याने निर्णय झाला तोच सर्वांत नाशवंत आहे. ला व्हेंता परिसरात तेलाचे उत्पादन सुरू झाल्यावर स्थळाची मोठी हानी झाली. कवी कार्लोस पेयिसेर यांच्या प्रयत्नाने अनेक शिल्पे व्हियाएर्मोसा येथील उद्यानात हलविण्यात आली व १९५८ साली ते संग्रहालय उघडले. शिल्पे वाचली, परंतु ती मूळ कोठे व कोणत्या दिशेस तोंड करून उभी होती, हे कळण्यास उत्खननकर्त्यांच्या नकाशांवाचून अन्य साधन राहिले नाही.

याची दुसरी बाजू कास्काहाल येथील शिलाखंडात दिसते. १९९९ साली रस्त्यासाठी खडी काढताना सर्पेंटाइनचा एक लहान ठोकळा उघडा पडला. त्यावर ६२ चिन्हे कोरलेली आहेत. २००६ साली तो प्रसिद्ध करणाऱ्या संशोधकांनी त्यासोबतच्या खापरांवरून त्याचा काल इ.स.पू. ९०० च्या सुमाराचा मानला. हा काल मान्य झाला तर अमेरिका खंडातील तो सर्वांत जुना लेख ठरेल. परंतु ठोकळा उत्खननात, स्तरात मिळालेला नाही. खणलेल्या मातीच्या ढिगाऱ्यात मिळाला. त्यामुळे त्याच्या कालाविषयी, आणि काहींच्या मते त्याच्या खरेपणाविषयीही, शंका उपस्थित झाल्या. शिलापट सी च्या बाबतीत हरवलेला अंक दिनचिन्हाच्या गणिताने भरून काढता आला, आणि तीस वर्षांनी दगडानेच त्याला दुजोरा दिला. कास्काहालच्या ठोकळ्याचा हरवलेला स्तर भरून काढण्यास असे कोणतेही गणित उपलब्ध नाही. त्या चिन्हांचा आणखी एखादा लेख अविकृत स्तरात सापडेल, तेव्हाच हा प्रश्न पुढे सरकेल.